राडारोडा व त्याचा पुनरुपयोग

आपल्या नामपुरांत गेल्या कांहीं वर्षांत किती जुनीं घरें पाडलीं गेलीं आणि त्यांच्या जागीं किती नवीं उभीं राहिलीं, हें तुम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. नव्या घराविषयीं सर्वजण बोलतात. त्याची उंची किती, खोल्या किती, खर्च किती आला, हें गांवभर होतें. परंतु जुन्या घराचें पुढें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ट्रॅक्टरची ट्रॉली येते, मोडलेल्या स्लॅबचे तुकडे, विटांचा चुरा, गिलाव्याचे पोपडे असें सर्व एकत्र भरून घेऊन जाते, आणि गांवाबाहेर रस्त्याच्या कडेला, एखाद्या नाल्यांत किंवा नदीच्या काठीं रितें करून परत येते. ह्या मालास आपल्याकडे राडारोडा म्हणतात. ह्या शब्दांतच त्याविषयींची आपली तुच्छता भरली आहे. ह्या लेखांत त्याच राडारोड्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या बागलाणांतील जुनें घर डोळ्यांपुढें आणा. दगडाची किंवा पांढऱ्या मातीची रुंद भिंत, लांकडाचे खांब व तुळया, वर लांकडी फळ्या आणि त्यांवर मातीचें जाड धाबें. असें घर पाडावयाचें झाल्यास जुनीं माणसें 'घर उतरविलें' असें म्हणत. 'तोडलें' असें म्हणत नसत. आणि तें खरोखरच उतरविलें जाई. खांब, तुळया व चौकटी दुसऱ्या घरास जात. दगड झाडून पुन्हां भिंतींत बसत. पांढरी माती भिजवून, तुडवून पुन्हां भिंतीच्याच कामीं येई. ज्यास फेकून द्यावें असें त्या घरांत फारच थोडें असे. याचा अर्थ जुनें तें सर्व चांगलें असा मात्र कोणीं घेऊं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड धाबीं कोसळून सुमारें दहा हजार माणसें मृत्यु पावलीं, ही गोष्ट आपणांस विसरून चालणार नाहीं. सिमेंट व सळई यांनीं माणसाच्या डोक्यावरील छप्पर अधिक विश्वासाचें केलें आहे. येथें प्रश्न एवढाच आहे कीं, तें छप्पर एके दिवशीं म्हातारें होतें, आणि तेव्हां तें उतरवितां येत नाहीं.

तें कां येत नाहीं, यांत रसायनशास्त्राचा एक सुंदर धडा आहे. काँक्रीट वाळतें असें आपण म्हणतों. परंतु तें वाळत नाहीं. वाळत असतें, तर गवंडी त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी कशाला मारतो? सिमेंट म्हणजे चुनखडी व चिकणमाती यांचें मिश्रण सुमारें १४५० अंश सेल्सिअस उष्णतेंत भाजून, त्यांत थोडें जिप्सम घालून दळलेलें चूर्ण होय. त्यांत पाणी मिसळलें म्हणजे पाणी व चूर्ण यांचा संयोग होऊन एक नवाच पदार्थ तयार होतो. त्याचे अतिसूक्ष्म तंतु व पापुद्रे एकमेकांत गुंतून वाळू व खडी यांना घट्ट धरून ठेवतात. पाणी त्या पदार्थाचाच भाग होऊन जातें. म्हणून मोडलेलें काँक्रीट दळून त्यांत पुन्हां पाणी घातलें, तरी त्याचें सिमेंट होत नाहीं. भाजलेली भाकरी कुसकरली म्हणून तिचें पुन्हां पीठ होत नाहीं, तसेंच हें.

पूर्वीच्या चुन्याच्या बांधकामाची गोष्ट वेगळी होती. चुनखडीचे खडे भट्टींत भाजून, विझवून, ते बैलाच्या घाणींत वाळूबरोबर तासन् तास मळीत असत. हा चुना हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु शोषून हळूहळू कठीण होई. परंतु तो दगडाहून व विटेहून नेहमीं नरमच राही. त्यामुळें भिंत पाडतांना सांधा सुटे, दगड व वीट अखंड निघे. सिमेंटचा सांधा विटेपेक्षांही बळकट असतो. घाव घातला कीं वीट फुटते, सांधा फुटत नाहीं. मजबुती वाढली, पण पुन्हां वापरण्याची सोय गेली. हा व्यवहार आपण न बोलतां पत्करला आहे.

त्या चुन्यांत एक पदार्थ मिसळीत असत, त्याचें नांव सुरखी. फुटक्या विटा, खापरें व कौलें कुटून केलेली लाल भुकटी म्हणजे सुरखी. भाजलेल्या मातीच्या ह्या भुकटीचा चुन्याशीं संयोग होऊन असा चुना पाण्याखालींही कठीण होतो. म्हणून हौद, विहिरी व बंधारे यांना सुरखीचा चुना वापरीत. म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरण, ज्याचें काम १९११ सालीं सुरू झालें, तें सुरखीच्याच चुन्यांत बांधलें आहे. त्याहीपूर्वीं, जवळजवळ दोन हजार वर्षांमागें, व्हिट्रूव्हिअस नांवाच्या रोमन शिल्पज्ञानें नदीच्या वाळूंत एक तृतीयांश कुटलेलीं खापरें मिसळावीं, म्हणजे चुना अधिक चांगला होतो, असें लिहून ठेवलें आहे. तेव्हां बांधकामांतील मोडतोड पुन्हां बांधकामांत घालण्याची युक्ति कोणा परक्या पंडितानें काल शोधून काढलेली नाहीं. ती आपल्या गवंड्यांस ठाऊक होती. सिमेंटच्या पोत्यांपुढें ती आपण विसरलों.

आतां थोडें गणित करूं. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोली, तिच्यावर चार इंच जाडीचा स्लॅब. त्याचें घनफळ सुमारें ३३ घनफूट. एक घनमीटर काँक्रीटचें वजन सुमारें २४०० किलोग्रॅम भरतें. त्या हिशेबानें एका खोलीवरील स्लॅबच सव्वादोन टनांहून अधिक जड झाला. हजार चौरस फुटांच्या घरावर असे दहा स्लॅब, म्हणजे साडेबावीस टन. त्यांत कॉलम, बीम, पाया व भिंती धरल्याच नाहींत. मोडल्यावर तुकड्यांमध्यें पोकळी राहून तोच माल सुमारें दीडपट जागा अडवितो. आपल्याकडे खडी ब्रासनें मोजतात आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हां मूळचा सव्वातीन ब्रासांचा स्लॅब ट्रॉलींत पांच ब्रास होऊन बसतो. विद्यार्थ्यांनीं आपल्या गल्लींत यंदा किती घरें पडलीं हें मोजून हा गुणाकार करून पाहावा.

ह्या पांच ब्रास मालांत आहे काय? त्याच्या घनफळाचा साठ ते पंचाहत्तर टक्के भाग खडी व वाळू यांचाच असतो. खडी कोठून येते? डोंगरांतून. साल्हेर-मुल्हेरपासून आपल्या शिवारापर्यंत जो काळा दगड पसरला आहे, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा थर होय. सुरुंग लावून तो फोडतात, क्रशरमध्यें भरडतात आणि आपण त्याची खडी करून घेतों. फुटलेली टेकडी पुन्हां उगवत नाहीं. वाळूची गोष्ट तर याहून जिव्हाळ्याची आहे. मोसम नदीला बारमाही धार नाहीं. तरीही तिच्या काठच्या विहिरींना पाणी राहतें, कारण पुराचें पाणी वाळूच्या थरांत मुरून राहतें आणि पुढें सावकाश झिरपतें. नदीची वाळू हें पाणी सांठविण्याचें कोठारच होय. ह्याच पाण्याच्या भरंवशावर मोसम, आरम, गिरणा व पांझरा ह्या नद्यांवर बंधारे घालून आपल्या पूर्वजांनीं फडपद्धति चालविली. सर्व गांवाचें शेत फडांत वांटावयाचें, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें आणि पाटकऱ्यानें ठरलेल्या पाळीनें पाणी सोडावयाचें, अशी ती शेंकडों वर्षांची व्यवस्था होती. आतां त्याच नदींतून आपण वाळू उपसतों आणि तिच्या काठीं राडारोडा टाकतों. गिलाव्याची बारीक माती वाळूच्या छिद्रांत बसली म्हणजे मुरण्याची वाट बंद होते. शिवाय मोडलेल्या काँक्रीटवरून वाहिलेलें पाणी चुन्याच्या निवळीसारखें तीव्र अल्कधर्मी होतें; तें माशांस व जलवनस्पतींस अपायकारक असतें. म्हणजे नदीकडून जें न्यावयाचें तें आपण नेतों, आणि जें देऊं नये तें तिला देतों.

तर मग ह्या तुकड्यांची पुन्हां खडी कां करूं नये? करितां येते, आणि करण्याची रीतिही कठीण नाहीं. प्रथम लांकूड, प्लॅस्टिक, कांच, माती हीं हातानें वेगळीं काढतात. नंतर मोठे तुकडे जबड्यासारख्या यंत्रांत चिरडतात. त्यांतील सळया लोहचुंबक ओढून घेतो. उरलेला माल धुऊन किंवा हवेच्या झोतानें हलका कचरा उडवून चाळण्यांवर घालतात. वीस मिलिमीटरची खडी, दहा मिलिमीटरची खडी आणि खालची कच असे त्याचे भाग पडतात. सळईचें काय होतें तें सांगावयास नको. भंगारवाला ती आधींच घेऊन गेलेला असतो, आणि ती जालन्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांत वितळून पुन्हां नवी सळई होऊन येते. लोखंडाची किंमत आपणांस कळते म्हणून तें नाल्यांत पडत नाहीं. खडीची किंमत कळत नाहीं, एवढाच काय तो फरक.

परंतु येथें एका गोष्टीविषयीं सावध राहिलें पाहिजे, आणि पालकांनीं हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी माझी विनंति आहे. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी ही नव्या दगडी खडीसारखी नसते. तिच्या प्रत्येक खड्यास जुन्या सिमेंट-वाळूची साल चिकटलेली असते. ती सच्छिद्र असते, म्हणून पाणी पिते. काळ्या दगडाची खडी आपल्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्के पाणी शोषते, तर ही खडी तीन ते आठ टक्क्यांपर्यंत शोषूं शकते. मिस्त्रीनें नेहमींचेंच पाणी घातलें तर खडी तें पिऊन टाकते, माल कोरडा पडतो. मग तो हाताला येईल म्हणून आणखी पाणी ओतलें तर काँक्रीट दुबळें होतें. याशिवाय राडारोड्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे राहिले तर त्यांतील सल्फेटाचा सिमेंटशीं संयोग होऊन नवें काँक्रीट आंतून फुगतें व तडकतें. जुन्या छपरांचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे मिसळले तर ते दळतांना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक असते.

ह्या कारणांनीं भारतीय मानक संस्थेनें खडी व वाळूविषयींचें आपलें ३८३ क्रमांकाचें मानक २०१६ सालीं सुधारतांना मर्यादा घालून दिल्या आहेत. जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्यें शेंकडा २५ पर्यंत चालते. सळईच्या काँक्रीटमध्यें ती शेंकडा २० पर्यंत, आणि तीही एम-२५ किंवा त्याहून खालच्या प्रतीच्या कामांतच चालते. पायाखालीं घालण्याच्या एम-१५ हून हलक्या काँक्रीटमध्यें मात्र ती सर्वच्या सर्व वापरतां येते. विटा, गिलावा व काँक्रीट यांचा मिश्र चुरा केवळ ह्या हलक्या काँक्रीटपुरताच मान्य आहे. म्हणून कोणी 'स्वस्त पडते' म्हणून स्लॅबमध्यें किंवा कॉलममध्यें घरच्या घरीं फोडलेला राडारोडा घालूं लागेल, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. त्या स्लॅबखालीं मुलें झोपावयाचीं असतात.

जगांत ह्या कामाचा मोठा प्रारंभ दुःखांतून झाला. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां जर्मनीच्या शहरांत सुमारें ४० कोटी घनमीटर ढिगारे पडले होते, असा अंदाज आहे. पुरुष रणांत पडलेले किंवा कैदेंत. तेव्हां पुष्कळ ठिकाणीं स्त्रियांनीं हातोडीनें एकेका विटेचा चुना खरवडून त्या रचून ठेविल्या. उरलेला विटांचा चुरा काँक्रीटमध्यें वापरूं लागले आणि १९५१ सालीं त्याचें मानकही तेथें निघालें. बर्लिन शहरांत उरलेल्या ढिगाऱ्यांची एक टेकडीच उभी आहे. तिच्यावर आज झाडें वाढलीं आहेत.

आपल्या देशांत दिल्लीच्या बुराडी भागांत २००९ सालीं राडारोडा दळण्याचें केंद्र सुरू झालें. तेथें फरशीचे ठोकळे, रस्त्याच्या कडेचे दगड व रस्त्याच्या भरावाची खडी तयार करूं लागले. मार्च २०१६ मध्यें केंद्र सरकारनें ह्याविषयीं स्वतंत्र नियम केले. जो एका दिवशीं २० टनांहून किंवा एका कामांत महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करील, त्यानें काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लांकूड-प्लॅस्टिक असे चार भाग वेगळे ठेवावे, असें त्यांत सांगितलें. २०२५ सालीं नवे नियम प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविला आहे. २८ ऑगस्ट २०२२ रोजीं नोएडा येथील दोन उंच मनोरे सुरुंगांनीं अवघ्या कांहीं सेकंदांत पाडले गेले, तें दृश्य पुष्कळांनीं दूरचित्रवाणीवर पाहिलें असेल. धूळ बसल्यावर मागें सुमारें ८०,००० टन राडारोडा राहिला, आणि तो हलविण्यास कित्येक महिने लागले. तें दृश्य मात्र कोणीं पाहिलें नाहीं. आपल्या राज्यांत मुंबई महानगरपालिकेसाठीं दहिसर व शिळफाटा येथें दररोज ६०० टनांचीं अशीं दोन केंद्रें उभारण्यांत आलीं आहेत.

शास्त्रज्ञ याच्याही पुढें जाऊं पाहत आहेत. मागें म्हटलें कीं भाकरीचें पीठ होत नाहीं. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ सालीं असें दाखविलें कीं, पोलाद वितळविण्याच्या विजेच्या भट्टींत मळी शोषण्यासाठीं जो चुना घालतात, त्याच्या जागीं जुन्या काँक्रीटमधील सिमेंटचा चुरा घातला, तर त्याच उष्णतेंत तो पुन्हां भाजून निघतो व त्याचें सिमेंट बनतें. जगांतील मनुष्यकृत कार्बन डाय-ऑक्साइडपैकीं शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या धंद्यामुळें हवेंत जातो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या प्रयोगाचें महत्त्व कळेल. तो गांवोगांवच्या उपयोगास येण्यास अजून अवकाश आहे.

असो. मुंबईचें केंद्र नामपुरास काय कामाचें? खरें सांगावयाचें तर आपल्या गांवाच्या राडारोड्यावर असें यंत्र चालणार नाहीं. तेवढा माल येथें निघत नाहीं, आणि खडी ही अशी जड वस्तु आहे कीं दूर न्यावयाची म्हटल्यास तिच्या किंमतीहून भाडेंच अधिक होतें. परंतु भाड्याची हीच अडचण उलट बाजूनें आपल्या सोयीची आहे. ज्या जागीं घर पडलें, त्याच जागीं नवें उभें राहावयाचें असेल, तर जोत्याच्या भरावासाठीं बाहेरून मुरूम आणण्यापूर्वीं तेथलेच विटा-काँक्रीटचे तुकडे बारीक फोडून, थर देऊन, पाणी मारून धुमसानें ठोकतां येतात. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत पावसाळ्यांत बैल व ट्रॅक्टर रुततात. तेथें सोलिंगखालीं हा माल उत्तम बसतो. भारतीय रस्ते परिषदेनेंही २०१७ सालीं रस्त्यांसाठीं राडारोडा कसा वापरावा याची मार्गदर्शिका काढली आहे. पाडकाम करतांना विटा, काँक्रीट व माती यांचे तीन ढीग वेगळे ठेवण्यास मजुरांस अर्धा दिवस अधिक लागेल. पण एकदां सर्व एकत्र कालवलें म्हणजे कोणतेंही यंत्र तें स्वस्तांत निवडूं शकत नाहीं. ग्रामपंचायतीनें गांवाबाहेर, नदी-नाल्यापासून दूर एक जागा नेमून दिली, आणि ज्याला भराव पाहिजे त्यानें तेथून न्यावा असें ठरविलें, तर ट्रॉलीवाल्यास अंधारांत नाला शोधावा लागणार नाहीं. आमच्या मतें सर्वांत स्वस्त उपाय याहूनही साधा आहे: जें घर डागडुजीनें आणखी वीस वर्षें टिकेल, तें केवळ शेजाऱ्यानें बांधलें म्हणून पाडूं नये.

आतां आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग देतों. काळ्या दगडाची खडी व जुन्या काँक्रीटचे तितक्याच आकाराचे खडे प्रत्येकीं ५०० ग्रॅम घ्यावे. काँक्रीट फोडण्याचें काम मोठ्या माणसाकडून करवावें, तें आधीं भिजवावें, व तोंडास फडकें आणि डोळ्यांस चष्मा असावा, कारण त्याची धूळ छातीस वाईट. दोन्ही प्रकारचे खडे धुऊन, कडक उन्हांत दोन दिवस वाळवून, पुन्हां तोलून घ्यावे. नंतर दोन वेगळ्या भांड्यांत पाण्यांत चोवीस तास बुडवून ठेवावे, बाहेर काढून ओल्या फडक्यानें वरचें पाणी टिपावें व लगेच तोलावें. वाढलेल्या वजनास कोरड्या वजनानें भागून शंभरानें गुणलें म्हणजे शोषणाचें शेंकडा प्रमाण निघतें. समजा ५०० चे ५२५ झाले, तर तें ५ आलें. त्याचबरोबर ताज्या फोडलेल्या काँक्रीटच्या तोंडावर प्रयोगशाळेंतील फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-चार थेंब टाकून पाहावे. आंतील भाग गुलाबी होईल आणि बाहेरची कड बहुधा रंगहीन राहील, कारण तेथील चुन्यानें इतक्या वर्षांत हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतलेला असतो. ती रंगहीन कड किती मिलिमीटर रुंद आहे तें पट्टीनें मोजावें, घर किती वर्षांचें होतें तें घरमालकास विचारावें, आणि दोन्ही आंकडे वहींत शेजारीं शेजारीं लिहावे. निरनिराळ्या घरांचे असे दहा-बारा तुकडे मिळाल्यास, वर्षें व रुंदी यांचा आलेख चौकटीच्या कागदावर काढावा.